पळसदेवच्या पाण्यावरचं विमान

आमच्या आबांच्या शिव्या अख्ख्या बारामती डेपोत प्रसिद्ध होत्या. आबा म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. गाडीखाली आडवे झाले की त्यांचे फक्त पाय दिसायचे आणि शिव्या ऐकू यायच्या. नटाला शिवी, बोल्टाला शिवी, आणि गाडी रडवत आणणाऱ्या ड्रायव्हरला तर त्याच्या आज्या-पणज्यांसकट. पण त्यात विष नसायचं. ज्याला सकाळी शिव्या घातल्या त्यालाच दुपारी डब्यातली अर्धी भाकरी मोडून द्यायचे. सुरुवात ठरलेली असायची, "तिच्या बैलाला!" त्याच्या पुढं काय यायचं ते मी इथं लिहीत नाही, कारण माझी आई अजून हयात आहे आणि चष्मा लावून सगळं वाचते.

आईला त्या शिव्यांचा भारी वैताग. संध्याकाळी दिवा लावताना ती रोज हात जोडून म्हणायची, "देवा, ह्या माणसाची जीभ तेवढी आवर." मी मागून फिदीफिदी हसायचे. मग एक चापट मला बसायची, कारण जीभ माझीही बापावरच गेली होती. त्या प्रार्थनेची पुढं आईला किती धास्ती बसणार होती, हे तेव्हा आम्हाला कुठलं ठाऊक!

आम्ही जळोचीला राहायचो. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. आबांनी मेंढरांऐवजी गाड्या राखल्या, एवढाच फरक. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. मी त्यांची एकुलती एक, बारामतीच्या कॉलेजात बीएस्सी करत होते. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, हवाई दलात होता. उडवणाऱ्यांत नाही, जमिनीवरच्यांत. कुणी "मामा विमान चालवतो का?" विचारलं की तो म्हणायचा, "चालवत न्हाय. चालवण्याजोगं ठेवतो." म्हणजे काम आबांचंच, फक्त गाडीला पंख. त्यामुळं मेहुण्या-मेहुण्यांचं चांगलं जमायचं, आणि एकमेकांची टर उडवणं तर दिवसभर चालायचं.

असाच एकदा मामा सुट्टीवर आला. दौंडहून बारामतीच्या गाडीनं, डोक्यावर एक मोठा खोका घेऊन. त्याच्या साहेबांची बदली झाली होती, साहेबांचा मुलगा मोठा झाला होता, आणि सामान आवरताना बाईसाहेब त्या मुलाचा खोका टाकून द्यायला निघाल्या होत्या. आत प्लास्टिकची विमानं होती. खेळण्यातली नव्हेत, जोडायची. सुटे सुटे बारीक भाग चौकटीत अडकवलेले असतात, ते कापून, घासून, चिकटवून जोडायचे, की खऱ्या लष्करी विमानाची हुबेहूब छोटी प्रत तयार होते. मला चित्रं काढायचा नाद, म्हणून मामानं तो खोका पार उत्तरेतून माझ्यासाठी वागवत आणला होता.

अंगणात पोतं अंथरून आम्ही खोका ओतला, आणि मामाचा चेहरा पडला. एकही विमान धड नव्हतं. एका लढाऊ विमानाला नाक नव्हतं. एका बाँबफेक्याला एकच पंख. त्यातल्या त्यात बरं होतं ते एक डाकोटा, दोन इंजिनांचं, फौजेची माणसं आणि सामान वाहणारं जुनं विमान. पण त्याची चाकंच गायब! त्या साहेबाच्या पोरानं कुठंतरी हरवली होती.

"भंगार उचलून आणलं की राव म्या," मामा म्हणाला.

आबा उकिडवे बसून ते तुकडे न्याहाळत होते. "भंगार कशानं? डेपोत रोज काय येतंय मग? एकीचं इंजिन जातंय, दुसरीची बॉडी सडतीय, तिसरीचा गिअरबॉक्स. तिघींतनं एक काढायची आन् सकाळच्या पाळीला रस्त्यावर लावायची. जे हाय त्यातनं गाडी काढायची!"

तेव्हा मामाला आठवलं. साहेबांच्या घरी एका परदेशी मासिकात त्यानं पाहिलं होतं, की काही हौशी लोक मुद्दामच असं करतात. जे विमान जगात कधी झालंच नाही, ते बनवतात. अमक्या देशानं हे विमान घेतलं असतं तर कसं रंगवलं असतं, तमकं युद्ध लांबलं असतं तर यात काय बदल झाले असते, असं सगळं आधी कागदावर ठरवायचं, आणि मगच करवत लावायची. "त्याला व्हॉट इफ म्हणत्यात," मामा म्हणाला.

"म्हंजे समजा," आबा म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या उद्योगाचं नावच "समजा" पडलं. आबा ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, चहा झाला की हाक यायची, "पोरी, समजा काढ." मी पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलनं विमान काढायचे आणि आबा त्यात खोट काढायचे.

त्यांचा एक नियम होता, तो मला जन्मभर पुरला. ते म्हणायचे, "थाप एकच मारायची. एकदा समजा म्हणलं की म्हणलं. त्याच्यापुढचं समदं खरं पायजे." म्हणजे विमान खोटं असलं तरी त्याचं तेल कुठून येणार, ते कोण भरणार, चालवणारा जेवणार कुठं, हे खरं हवं. मी नाक नसलेल्या लढाऊ विमानाला फवारणीची नळी बसवली होती. समजा टोळधाड आली आणि सरकारनं लढाऊ विमानं फवारणीला जुंपली! मी मोठ्या ऐटीत कागद पुढं केला. आबांनी मामाला पत्र लिहून त्याचा वेग विचारून घेतला आणि मग मला म्हणाले, "ह्या वेगानं जळोचीत नळी उघडली तर औषध इंदापुरात पडंल. टोळ हितं, औषध तितं!" झाला माझा बेत रद्द. मी दोन दिवस फुगून बसले होते. पण पटलं होतं.

डाकोटाच्या बाबतीत मात्र आबांचं डोकं पहिल्या दिवसापासून चालत होतं. "चाकं न्हाईत ना? मग चाकं नकोतच की," ते म्हणाले. पोटाखाली दोन लांबट तरंगे बसवायचे आणि विमान पाण्यावर उतरवायचं. पाणी आम्हाला कुठं शोधायचं होतं? आबांची थोरली बहीण, माझी आत्या, पळसदेवला राहायची, आणि तिच्या दारातून उजनी धरणाचं पाणी दिसायचं. समजा, उजनीचं पाणी भरलं तेव्हाच लष्करानं पळसदेवला पाण्यावरच्या विमानांचा तळ काढला! ही आमची थाप. पुढचं समदं खरं पायजे.

मग त्यापायी आम्ही खरोखर पळसदेवला जाऊन काठावर उभं राहायला लागलो. वारा कुठून येतो, माशांची जाळी कुठं लावतात, पाणी कुठं खोल आहे. आत्यानं पहिल्यांदा विचारलं, "काय रं बगताय भैणीच्या दारातनं पाण्याकडं?" आबा गंभीरपणे म्हणाले, "आक्के, इमान उतरवायचं हाय." दुसरी कुणी हसली असती. आत्या म्हणाली, "उतरवा की. पर कोळ्यांची जाळी तोडू नगा. गरिबाचं पोट हाय ते."

सगळा बेत जमला, पण एक प्रश्न आबांना सुटेना. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं, आणि काठ पार लांब सरकतो. तेव्हा विमान उतरणार कुठं, आणि ठेवणार कुठं? "उन्हाळ्यात काय?" असं कागदाच्या कोपऱ्यात लिहून आबांनी त्याच्याभोवती गोल केला. तो प्रश्न तसाच राहिला.

कारण त्याच थंडीत आबांना झटका आला. सकाळी चुलीपाशी तोंड धूत होते, तांब्या हातातून पडला, आणि तांब्यामागं आबा. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली.

बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पाय सुधारेल, काठीच्या आधारानं चालतील. हाताचं बघू. बोलण्याचं मात्र त्यांनी थेट काही सांगितलं नाही. "समजतं सगळं त्यांना. पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. त्यांना गप्प पडू देऊ नका. वाट्टेल ते करा, पण कशात तरी गुंतवा. माणूस हरला की मग औषध हरतं."

आणि आबा हरलेच होते हो! बोलायला जायचे, "अं… अं…" एवढंच यायचं, आणि डोळ्यांत पाणी उभं राहायचं. मग त्यांनी ते "अं" सुद्धा सोडून दिलं. बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. जेवण चार घासांवर आलं. डेपोतली माणसं भेटायला यायची. ज्यांनी आबांच्या शिव्या खाऊन जन्म काढला ती माणसं हळू आवाजात "बरं हाय ना आबा?" म्हणून, फळं ठेवून, डोळे पुसत निघून जायची. सगळे इतके गोड वागत होते की मला एकेकाला धरून मारावंसं वाटायचं. असं गोड आपण मयताच्या घरी बोलतो.

आईचं तर विचारूच नका. एका संध्याकाळी दिवा लावायला गेली आणि तिथंच बसली. मला म्हणाली, "म्याच मागितलं गं हे. रोज मागितलं. देवानं ऐकलं." मी तिला म्हटलं, "देवाला एवढंच काम आहे होय? वेडी आहेस का!" पण मलाही रडू आवरलं नाही. आम्ही दोघी देवापुढं बसून रडलो, आणि त्यानंतर आईनं दिवा लावताना काहीच मागायचं बंद केलं. नुसती वात पेटवायची आणि उठायची.

मी ठरवलं, आबांना चिडवायचं. गोड बोलून माणूस मरत असेल तर चिडवून जगेल. मी बाजेखालचा खोका ओढला आणि त्यांच्या तोंडासमोर, भिंत आणि बाज यांच्या मधल्या बोळकांडीत जाऊन बसले. "समजा, आबा, डाकोटाला बैलगाडीची चाकं लावली?" काही नाही. "समजा, पायलटला बसायला छपराव जागा केली?" डोळे मिटलेले. "समजा, तेल म्हणून उसाची मळी वापरली?" आबांनी चादर तोंडावर ओढली. मी ओरडले, "अहो द्या ना एक शिवी! एवढा गाढवपणा केला तरी तुम्हाला राग येत नाही?" आणि गोठ्यामागं जाऊन रडले. आबा शिवी देतील का, एवढाच माझ्या आयुष्यातला प्रश्न उरला होता तेव्हा. परीक्षा, कॉलेज, सगळं गेलं खड्ड्यात.

पण खोका मी उचलला नाही. रोज तिथंच बसायचे. आबांकडं पाठ करून तरंगे करायला घेतले. कॉलेजच्या गॅदरिंगमधला उरलेला थर्माकोल होता, तो कापून दोन मस्त तरंगे केले, विमानाला बसवले आणि वर ऑइल पेंटचा हात दिला. थोड्या वेळानं बघते तर काय, तरंगे खाली बसत चाललेले! रंगानं थर्माकोल खाल्ला. त्याची कुल्फी व्हायला लागली, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझं आरमार वितळून गेलं. बीएस्सीची केमिस्ट्री, आणि हे दिवे!

मागं काहीतरी हललं. बघते तर आबांचे खांदे गदागदा हलत होते. आधी मला वाटलं रडतायत. आबा हसत होते. आवाज नाही, तोंड वाकडं, पण हसत होते. मी आईला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि पदर तोंडात धरून उभी राहिली. मला त्या वितळलेल्या थर्माकोलचे आजही पाय धरावेसे वाटतात.

त्या दिवशी आबांनी डाव्या हातानं बाजेखाली चाचपून एक पान्हा काढला आणि त्यानं बाजेच्या लोखंडी दांडीवर ठोकलं. मग हातानं बाहेर दाखवलं. अंगणात शेवगा होता. शेवग्याचं लाकूड हलकं, मऊ, कसंही कोरावं. मी म्हटलं, "शेवग्याचे करू?" एकदा ठण्. तेव्हापासून ती आमची भाषा झाली. एकदा ठोकलं म्हणजे व्हय, दोनदा म्हणजे न्हाय, आणि सलग ठोकत सुटले म्हणजे तुझ्या डोक्यात काय भरलंय.

वाळलेल्या फांदीचे दोन तुकडे घेऊन आम्ही बसलो. मी तुकडा घट्ट धरायचा आणि आबांनी डाव्या हातानं घासायचा. पहिले काही दिवस पॉलिश पेपर हातातून सुटून पडायचा. तो मी उचलून द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आबा स्वतः वाकून उचलायचे. वाकताना कण्हायचे. मी नखं तळहातात रुतवून बघत बसायचे. मधे मधे मी बेत वाचून दाखवायचे. "समजा, पेशंट न्यायचा असेल पळसदेवहून, तर दार डावीकडं?" ठण् ठण्. "उजवीकडं?" ठण्. "फौजी रंग राखाडीच ना?" ठण्. "उन्हाळ्यात काय?" या प्रश्नाला पान्हा वर जाऊन थांबायचा. आबा डोळे बारीक करायचे आणि नुसती मान हलवायचे. त्याचं उत्तर ठोकून देता येण्याजोगं नव्हतं.

मामाला मी पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आबांच्या नावानं आलं. मामानं एका शब्दानं तब्येत विचारली नव्हती. उलट लिहिलं होतं, "दाजी, तरंगे जास्त मागं घेतलेत तर नाक पाण्यात घालेल तुमची लाल गाडी. एसटीवाल्यांना विमानातलं काय कळतंय!" आबांनी ते पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि प्रत्येक वेळी दांडीवर पान्हा आपटला. काय माणूस होता माझा मामा! सगळं जग फळं घेऊन येत होतं तेव्हा त्यानं टोमणा पाठवला. त्याचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही.

तरंगे बसले. नाक पाण्यात घालणार नाही अशा बेतानं बसले. मग रंग. शेवटचा हात आबांनी स्वतः दिला, डाव्या हातानं, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. पूर्ण सकाळ गेली त्यात. राखाडी, गुळगुळीत, एक ओघळ नाही. मी म्हटलं, "आबा, कंपनीतून आल्यासारखं झालंय," आणि त्यांनी ऐटीत एकदा ठण् केलं. विमान ओट्यावर उन्हात, पालथ्या घमेल्यावर वाळत ठेवलं. आबा बाज बाहेर घ्यायला लावून शेजारी बसले आणि काठीनं कोंबड्या हाकलत पहारा द्यायला लागले. किती दिवसांनी त्यांचं तोंड भिंतीकडं नव्हतं, रस्त्याकडं होतं.

दुपारी आत्या आली. पळसदेवहून एसटीनं, डोक्यावर भाजीचं गठुडं. आमच्याकडं एक रीत आहे. चालणारी कुठलीही नवी वस्तू दारात आली, मग तो ट्रॅक्टर असो, मोटारसायकल असो की साधी सायकल, तिच्यावर आधी भंडारा पडतो, मगच ती चालते. भंडारा म्हणजे देवाची हळद. आत्याच्या कमरेच्या पिशवीत तो कायम असायचा. आजोबांची मेंढरं डोंगराला निघायची तेव्हाही आत्याच उधळायची म्हणे.

तिनं गठुडं खाली ठेवलं आणि तिची नजर ओट्यावर गेली. "आगं बया! हेच का ते आपल्या पाण्यावरलं इमान? माझ्या भावानं केलं? डाव्या हातानं?"

मी घरातून पाणी घेऊन येत होते. "आत्या, थांब…" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"नवं इमान दारात आन् त्याच्यावर भंडारा न्हाय?" म्हणत आत्यानं पिशवीत हात घातला, मूठ भरली, आणि "यळकोट यळकोट जय मल्हार!" करून अशी उधळली की विमान, घमेलं, आबा आणि दोन कोंबड्या पिवळ्याधमक झाल्या. एवढ्यावर थांबेल ती आत्या कसली. तिनं अंगठा भंडाऱ्यात बुडवला आणि विमानाच्या नाकावर, ओल्या रंगात, कचकन दाबला.

आणि आबा ओरडले.

"तिच्या बैलाला! आक्के! तुज्या…"

पुढचं मी लिहीत नाही. पण पुढचं होतं! एकामागून एक, धो धो, न अडखळता, वर्कशॉपातल्यासारख्या. बाजेवर अर्धे उठून, काठी आपटत, मान लाल करून, थोरल्या बहिणीला तिच्या तोंडावर. मधेच एक साधा शब्द आला तिथं मात्र गाडी अडली. "रं… रं… रं…" आबांनी डोळे घट्ट मिटले, गळ्याच्या शिरा तटतटल्या, "रंग! वला!"

माझ्या हातातला तांब्या पडला. आई पिठाचे हात घेऊन धावत आली आणि दारातच थबकली. आबा स्वतःच दचकून थांबले होते. स्वतःच्या तोंडाला हात लावून बघत होते.

आत्या अंगणात उभी होती. वयानं मोठी, विधवा, सगळ्या भावकीनं पाया पडावं अशी बाई. असल्या शिव्या तिला आयुष्यात कुणी दिल्या नसतील. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्यात भंडारा कालवला जात होता. तिनं आबांपुढं चक्क पदर पसरला.

"दे," ती म्हणाली. "आजून दे, लेकरा. थांबू नगं. पोटभर दे."

आबा म्हणाले, "आक्के…" आणि मग रडायलाच लागले. आत्यानं त्यांचं डोकं पोटाशी धरलं. आईनं काय केलं असेल? तशीच आत गेली, पिठाच्या हातांनी, आणि भर दुपारी देवापुढं दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तर ते मनापासून हसले. म्हणाले, असं होतं. ठरवून बोलायची वाट बंद पडते, पण शिवीची वाट वेगळी असते, ती कधीकधी आधी मोकळी होते. "आता त्याच वाटेनं बाकीचे शब्द आणा बाहेर. आणि घरात कुणी त्यांना शिव्या देऊ नका म्हणू नका." आई मान खाली घालून म्हणाली, "न्हाय म्हणत, डॉक्टर. आता कधीच न्हाय म्हणत."

बोलणं सावकाश परतलं. आधी सगळ्या शिव्या, मग आमची नाती, मग भाकरी, पाणी, चहा, मग तुटक वाक्यं. पूर्वीसारखं घडघड कधीच आलं नाही, पण आलं. डेपोतली मंडळी परत यायला लागली आणि पहिली शिवी खाऊन जाताना रस्त्यापर्यंत हसत जायची. मामा सुट्टीवर आला तेव्हा आबांनी त्याचं स्वागत जे केलं त्यानंतर आईनं शेजारणीची माफी मागितली, पण हसत हसत.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आबांना पळसदेवला नेलं. पाणी पार खाली गेलं होतं आणि देवळाचं शिखर वर आलं होतं. आबांनी काठीनं ते शिखर दाखवलं. मग एक एक शब्द शोधत म्हणाले, "उन्हाळ्यात… इमान… आक्काच्या… दारात. मुक्कामी." मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबणारी एसटी, तिची काळजी गाव घेतं. आत्या म्हणाली, "लावा की. माझं दार काय पळून चाललंय." आमचा "समजा" त्या दिवशी पुरा झाला.

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. आत्याही. आता दोघं नाहीत. डाकोटा माझ्याकडं आहे. भंडाऱ्याचे पिवळे ठिपके राखाडी रंगात पक्के बसलेत. आम्ही ते खरवडायला घेतले होते, तर आबांनी पान्हा सलग ठोकला होता. नाकावर आत्याचा अंगठा आहे, त्याच्या रेघा अजून मोजता येतात.

आभार मानायचे तर मी कुणाकुणाचे मानू? मामाचे मानले, डॉक्टरांचे मानले, आत्याच्या तर पायांवर डोकं ठेवलं. एक माणूस तेवढा राहून गेला. तो साहेबाचा मुलगा. त्यानं कुठल्यातरी क्वार्टरच्या बागेत नाहीतर पलंगाखाली त्या विमानाची चाकं हरवली, आणि बहुतेक आईचा ओरडाही खाल्ला असेल. तो आता बाप झाला असेल, माझ्याच वयाचा असेल. तो कुणाला कुठं भेटला तर त्याला माझा एवढा निरोप सांगा: बरं झालं बाबा, हरवलीस.